जुन्या ‘इलेक्ट्रो’ एलपी ठेवू, की विकून मूळ बारा इंची घेऊ?

सिंहगडचा_पाऊस:
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून मँचेस्टरला आलो. गेल्या शनिवारी इथल्या एका चॅरिटी शॉपमध्ये खालच्या खोक्यात ‘स्ट्रीट साउंड्स इलेक्ट्रो’ 1 ते 6 आणि ‘यूके इलेक्ट्रो’ अशा सात एलपी सापडल्या. इलेक्ट्रो म्हणजे ऐंशीच्या दशकातलं, ड्रम मशीन आणि सिंथेसायझरवरचं हिप हॉप; या एलपी म्हणजे त्या गाण्यांची संकलनं. कव्हरं कोपऱ्यात झिजलीत, पण रेकॉर्डी बऱ्या आहेत. ऑफिसातला एक जण जुन्या रेकॉर्डी जमवतो. तो म्हणाला, “यात गाणी कापून एकमेकांना जोडलीत, ती पूर्ण नाहीत. विकून टाक आणि त्या पैशात एकेका गाण्याच्या दोन-तीन मूळ बारा इंची सिंगल घे.” शिवाय माझ्या प्लेअरवर यांचा बेस दबलेला येतो. दोष सुईचा की रेकॉर्डचा? आणि काय करू?

वेम्बलीकरीण:
विकू नकोस, अजिबात विकू नकोस.

पहिला भाग 1983 मध्ये आला तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि दादा पंधराचा. न्यूयॉर्कहून येणाऱ्या बारा इंची रेकॉर्डी आम्ही दुकानात फक्त उलटून पालटून बघायचो. तशा एका इम्पोर्टच्या पैशात मॉर्गन खानच्या स्ट्रीट साउंड्स या रेकॉर्ड कंपनीची अख्खी एलपी यायची. दादाचे पेपर टाकायचे पैसे आणि माझे वाढदिवसाचे, असे मिळून आम्ही पहिला भाग घेतला. ‘पॅकमन’, न्यूक्लियसचं ‘जॅम ऑन रिव्हेंज’, वेस्ट स्ट्रीट मॉबचं ‘ब्रेक डान्सिन’ हे सगळं एकाच तबकडीवर! त्याच संध्याकाळी कॅसेट भरली, आणि सोमवारपासून ती वर्गात हातोहात फिरायला लागली.

तुझा मित्र म्हणतो तशी गाणी जोडलेली आहेतच. पण ते जोडकाम कोणी केलंय ते बघ. मास्टरमाइंड साउंड सिस्टीम या डीजे मंडळींच्या हर्बी लेडलीने हे मिक्स केले. आम्ही क्लबात जाण्याच्या वयाचे नव्हतो आणि न्यूयॉर्क तर टीव्हीतच. एका गाण्याचा ठेका चालू असताना त्याच्या पोटातून दुसरं गाणं कसं वर येतं, हे आम्ही पहिल्यांदा ऐकलं ते याच एलपींवर. दादा सुई पुन्हा पुन्हा त्याच जागी नेऊन ठेवायचा, नेमका सांधा सापडावा म्हणून. मूळ बारा इंचीत गाणं पूर्ण मिळेल, तो सांधा मिळणार नाही. एकेक बाजू सलग ऐक, मधूनच सुई उचलू नकोस.

स्वयंपाकघराची फरशी बदलली तेव्हा उरलेला लिनोलियमचा तुकडा बाबांनी गॅरेजमध्ये ठेवला होता. दादाने तो गाड्या लावायच्या जागेत अंथरला आणि त्यावर पाठीवर गिरक्या घ्यायला शिकला. पुढे शनिवारी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला मोठी मुलं नाचायची ती बघायला आम्ही जायचो. गुजराती, जमैकन, आयरिश, सगळ्या घरची मुलं. आमच्या घरी संध्याकाळी नाट्यगीतं लागायची, तरी रविवारी दुपारी आई आम्हाला रेकॉर्ड प्लेअर मोकळा करून द्यायची. तिचे उपकार आहेत आमच्यावर.

आणखी एक. शक्य झालं तर पुढचे भागही गोळा कर. नावात आधी ‘इलेक्ट्रो’, मग ‘हिप हॉप इलेक्ट्रो’, शेवटी नुसतं ‘हिप हॉप’ होतं. आवाजही तसाच बदलत जातो. सुरुवातीला न्यूयॉर्कचा डीजे आफ्रिका बंबाटा याच्या ‘प्लॅनेट रॉक’ने (1982) घालून दिलेली वाट: रोलँड 808 या ड्रम मशीनचा ठोका आणि वर क्राफ्टवर्क या जर्मन बँडची धून. मग रन-डीएमसीसारखे रॅपवाले आले आणि सिंथच्या धुना गळाल्या, उरले नुसते ड्रम आणि शब्द. मला पहिले भाग जास्त प्रिय, दादाला नंतरचे. 19 जुलै 1986 ला वेम्बली अरीनात ‘यूके फ्रेश’ हे हिप हॉपचं संमेलन झालं, तेही मॉर्गन खाननेच भरवलेलं. आम्ही घरून चालत गेलो. रॅपर रोक्सॅन शांते स्टेजवर आली तेव्हा मी खुर्चीवर उभी होते. माझ्यापेक्षा जेमतेम मोठी मुलगी, आणि एवढा मोठा हॉल तिच्या शब्दांवर हलत होता.

ठाण्याचा_टोनआर्म:
बेसचं सांगतो. थोडा दोष रेकॉर्डच्या घडणीतच आहे. बारा इंचीवर एका बाजूला एखाद-दुसरंच गाणं, त्यामुळे खाचा रुंद कापता येतात आणि बेस जोरात बसतो. एलपीवर त्याच जागेत तीन-चार लांब गाणी बसवायची म्हणजे खाचा जवळजवळ घ्याव्या लागतात आणि आवाजाची पातळी उतरवावी लागते. व्हॉल्यूम थोडा वाढव, फरक पडेल. पण तेवढ्यावर थांबू नकोस. दुसरी एखादी चांगली एलपी लावून बघ. तिचाही बेस दबला तर सुई झिजली असेल किंवा सुईचा भार चुकला असेल. किती भार हवा ते कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कागदात लिहिलेलं असतं, छोट्या वजनकाट्यावर मोजून घे. धूळ मऊ ब्रशने काढ, मग डिस्टिल्ड पाण्याने पूस, लेबल भिजू देऊ नकोस. आतल्या कागदी पिशव्या बदल. रेकॉर्डी उभ्या ठेव, हीटरपासून लांब.

एडिसनचा_अण्णा:
इकडे न्यू जर्सीत माझा जीव दुसऱ्याच मालिकेवर. ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’, स्ट्रीट बीट रेकॉर्ड्स, 1986 ते 1991, एकूण 25 भाग. लेनी रॉबर्ट्स आणि ब्रेकबीट लू यांनी काढलेली. त्यात रॅप नाही, रॅपवाले ज्यांच्यावरून ठेके उचलायचे ती जुनी फंक-सोल गाणी आहेत. पहिल्याच भागात विन्स्टन्स या सोल बँडचं 1969 चं ‘आमेन, ब्रदर’ आहे, आणि मधला ड्रमचा तुकडा डीजेंच्या सोयीसाठी मुद्दाम हळू केलाय. म्हणजे इथेही मूळ गाण्यात हात घातलेला. तो तुकडा सात सेकंदांचासुद्धा नाही, आणि त्यावर किती संगीत उभं राहिलं! संकलन म्हणजे दुय्यम माल, हे मला कधीच पटलं नाही.

वेम्बलीकरीण:
अण्णा, अगदी मनातलं बोललात. पावसा, तुझ्या हातातली ‘यूके इलेक्ट्रो’ (1984) तर तुझ्याच गावची आहे. कव्हरवर वेगवेगळी नावं दिसतील, पण त्यातली बहुतेक गाणी ग्रेग विल्सन, मार्टिन जॅक्सन आणि अँडी कॉनेल या तिघांनीच केलेली. विल्सन तुमच्या मँचेस्टरच्या लेजंड क्लबचा डीजे होता. कव्हरवरचं ‘ब्रोकन ग्लास’ हे मँचेस्टरच्याच नाचणाऱ्या मुलांच्या टोळीचं नाव.

सिंहगडचा_पाऊस:
ताई, अण्णा, टोनआर्म, मनापासून आभार. सुईचा भार निम्माच होता, तो नीट केला. काल रात्री पहिल्या भागाची एक बाजू दिवे मालवून सलग ऐकली. दुसरं गाणं कुठे सुरू झालं ते कळायच्या आत ते अर्धं झालं होतं. एकही विकत नाही. आता 7 शोधतोय.

वेम्बलीकरीण:
7 माझ्याकडे दोन आहेत, एक माझी आणि एक दादाची. दादा गेला त्याला चार वर्षं झाली. त्याची प्रत तू घेऊन जा. पोस्टाने नको, कधीतरी लंडनला आलास की घरीच ये, जेवायलाच ये. सांधे कुठे आहेत ते त्याने आतल्या पिशवीवर पेन्सिलने लिहून ठेवलेत, ते दाखवते.