जनगणना, गणना की सर्वेक्षण?

रानजाई: एका लेखाचं मराठी भाषांतर करतेय. मूळ लेखकाने 'कास्ट सेन्सस' आणि 'कास्ट सर्व्हे' हे शब्द जाणूनबुजून वेगळे ठेवलेत. मी 'जातनिहाय जनगणना' आणि 'जात सर्वेक्षण' असं लिहिलं होतं. संपादकांनी सरसकट 'जातनिहाय जनगणना' केलं. वाचकाला एवढा फरक कळत नाही म्हणे. पण बिहारवरच्या परिच्छेदाचा त्यामुळे अर्थच बदलतो. काय करावं?

टाकसाळ: अजिबात ऐकू नका. जनगणना हा संघसूचीतला, म्हणजे राज्यघटनेने केंद्राकडे ठेवलेला विषय आहे, नोंद 69. राज्याला ती करताच येत नाही. बिहारने 2023 मध्ये आकडे जाहीर केले त्या मोजणीचं नाव 'जाति आधारित गणना' होतं. 'जन' उगाच गाळलेला नाही.

रानजाई: म्हणजे 'गणना' हा तिसराच शब्द निघाला!

मुळाक्षर: आमचे आजोबा खानेसुमारी म्हणायचे. फारसीत खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी. पेशवाईच्या कागदांतही आहे. इतका मुरलेला शब्द सोडून संस्कृत कशाला हवं?

पाणपोई: कारण ती घरांची मोजणी. आताही पहिला टप्पा घरयादीचा आणि दुसरा माणसांचा, असे दोन वेगळे आहेतच. शिवाय त्याच 'सुमार'चं मराठीत 'सुमारे' झालं, म्हणजे अंदाजे. अन्नसुरक्षा कायद्यात ग्रामीण भागातल्या 75 टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातल्या 50 टक्क्यांपर्यंत लोकांना धान्य मिळतं, ते 2011 च्या लोकसंख्येवर ठरलेलं. त्यानंतर वाढलेली माणसं त्या हिशेबात नाहीत. इथे सुमारे चालत नाही.

मुळाक्षर: 'बेसुमार'मध्ये अजून मोजणीच आहे. एका शब्दाची घसरण दुसऱ्याच्या माथी मारू नका.

सातबारा: आमच्या गावात शिरगणती म्हणत. आई प्राथमिक शिक्षिका, 1991 ला प्रगणक होती. घरधन्याचं नाव विचारलं की बाई गप्प. मग शेजारीण सांगायची, नाहीतर शाळकरी पोर. पुढे कायदा वाचला तर 1948 च्या जनगणना कायद्यात हे आहेच: रूढीने ज्याचं नाव घ्यायचं नाही, त्या नवऱ्याचं नाव सांगायची सक्ती बाईवर नाही. मला हे फार आवडलं. मोजणाऱ्याने माणसाचा संकोच ओळखला होता.

पाणपोई: किती सुंदर! आणि त्या दारोदार फिरणाऱ्या बाईला आपण 'प्रगणक' म्हणतो. तोंडात बसतो का हा शब्द?

सातबारा: आई स्वतःला 'मोजणीच्या बाई' म्हणायची.

दंडक: दोन गोष्टी. 'जातनिहाय' की 'जातिनिहाय' हे आधी ठरवा. तत्सम शब्द समासात ऱ्हस्व राहतो: जातिभेद, जातिव्यवस्था. आणि मुळात जात विचारणंच मला पटत नाही. सरकारी कागदावर चढली की ती अधिक पक्की होते.

टाकसाळ: जातपंचायत, जातभाई हे काय अशुद्ध आहेत? 'निहाय'ला मराठी 'जात'च शोभते. दुसऱ्या मुद्द्याचं म्हणाल तर सगळ्या जातींचे आकडे 1931 नंतर छापले गेले नाहीत. एवढ्या वर्षांत जात विरली का? 2021 मध्ये ओबीसींच्या राजकीय आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडला आणि आपल्याकडे दाखवायला आकडे नव्हते. तेव्हा घरोघरी 'इम्पिरिकल डेटा' हा शब्द पोचला, त्याला मराठी प्रतिशब्द शोधायलाही कुणाला वेळ नव्हता.

दंडक: प्रतिशब्द नाही म्हणून इंग्रजी डोक्यावर घ्यायचा? 'पाहणीतली माहिती' म्हणा.

मुळाक्षर: 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जातींची 46 लाख नावं जमली, असं केंद्रानेच न्यायालयात सांगितलं. कुणी जात सांगितली, कुणी पोटजात, कुणी आडनाव, आणि एकेकाची लेखनंही निराळी. दंडक, तुमचा ऱ्हस्व-दीर्घाचा वाद तिथे खरा कामाचा आहे. आता केंद्राने 30 एप्रिल 2025 ला जनगणनेतच जात मोजायचं ठरवलंय, तर नावांची यादी आधी बांधायला हवी.

दंडक: आणि ती कोणत्या भाषेत बांधणार? मराठी नाव हिंदीतून इंग्रजीत जाऊन परत आलं तर ओळखू येईल का?

रानजाई: अहो, माझा बिहारचा परिच्छेद उद्या द्यायचाय. तिथे 'गणना' ठेवू की 'सर्वेक्षण'?

पाणपोई: सातबारा, तुमच्या आईंना विचारा ना, पर्यवेक्षकाला त्या काय म्हणायच्या?