सहावी-सातवीला संभाव्यता कशी शिकवावी?

चिमणीबाई: नमस्कार मंडळी, झेडपीच्या शाळेत सहावी-सातवीचं गणित घेते. संभाव्यता खरं तर दहावीला गणित भाग १ मध्ये येते पण मला आत्ताच थोडी तोंडओळख करून द्यायचीय. प्रत्येकाला १० वेळा नाणं उडवायला लावलं तर कुणाचे ७ छापे कुणाचे ३, आणि पोरं म्हणतात बाई तुम्ही तर निम्मे-निम्मे म्हणाला होतात! वर एकजण ठामपणे सांगतोय सलग तीनदा छापा आला की पुढचा काटाच. काय करू? साहित्याला पैसे नाहीत.

खडूफळा: मॅडम, दहात बरोब्बर ५ छापे यायची शक्यताच १०२४ पैकी २५२ आहे, म्हणजे चौघांत एकाला जेमतेम जमणार. सगळ्या वर्गाचे आकडे फळ्यावर घ्या आणि बेरीज वाढत जाईल तसतसा छाप्यांचा वाटा काढत जा, एकेकाचा निकाल बघून काही कळत नाही. जॉन केरिच या गणितज्ञाने दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत असताना १०,००० वेळा नाणं उडवलं होतं, ५०६७ छापे आले. बघा, छापे निम्म्यापेक्षा ६७ जास्तच राहिले, पण वाटा ५०.६७ टक्के. आणि त्या ठाम पोराला सगळ्यांच्या वह्यांत सलग तीन छापे शोधून त्यापुढे काय आलं ते मोजायला लावा, तुम्ही काही बोलू नका.

गावाकडची: पैसे नाहीत तर चिंचोके फोडा की! एक बाजू पांढरी, एक काळपट. आधी अंदाज लिहून घ्या, पोरं हमखास निम्मे-निम्मे लिहितात कारण बाजू दोनच. मग ५०-५० वेळा टाकू द्या. फोडलेला चिंचोका एकीकडून सपाट एकीकडून फुगीर असतो, कसा घासलाय त्यावरही फरक पडतो, त्यामुळे प्रत्येकाचा वाटा वेगळा येतो आणि तो टाकून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. माझ्या मते नाण्याच्या आधी हेच घ्यावं.

खडूफळा: +१. दोन नाणी घ्याल तेव्हा एक रुपयाचं आणि एक पाचचं घ्या, सारखी नकोत, नाहीतर छापा-काटा आणि काटा-छापा पोरं एकच धरतात आणि चारऐवजी तीनच शक्यता मोजतात. दालांबेरसारखा गणितज्ञ १७५४ मध्ये याच मोजणीत घसरला होता, दोनदा उडवून निदान एक छापा यायची शक्यता त्याने ३/४ ऐवजी २/३ काढली.

चिमणीबाई: भारी! चिंचोके उद्याच मागवते. पण पैज नको हं, गेल्या वेळी फासे काढले तर एक पालक जुगार शिकवता का म्हणून भांडायला आले होते 😄