धुरातून आणलेला बेशुद्ध पेशंट: सायनाइडचा उतारा रिपोर्टआधीच द्यावा का?

रात्रपाळी:
बंद खोलीतल्या आगीतून काढलेला माणूस. नाकपुड्यांत काजळी, शुद्ध नाही, बीपी खाली, रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन वापरता येत नसल्याची खूण) १० च्या वर. फोम, नायलॉन, लोकर जळली की धुरात हायड्रोजन सायनाइड तयार होतो. रक्तातलं सायनाइड मोजून यायला कित्येक तास लागतात, पेशंटच्या हातात मिनिटं असतात. म्हणून माझं मत ठाम आहे: पूर्ण ऑक्सिजन लावा, सायनाइडचा उतारा हायड्रॉक्सोकोबालामिन ५ ग्रॅम १५ मिनिटांत शिरेतून सोडा. ते सायनाइडला पकडतं, त्याचं बी-१२ होतं आणि लघवीवाटे निघून जातं.

लॅबवाली:
सरसकट द्यायला माझा विरोध आहे. धुरात कार्बन मोनॉक्साइडही असतो, शुद्ध तोही घालवतो. आणि या औषधानंतर सीरम (रक्ताचा पातळ भाग) गर्द लाल होतं. किडनीचं क्रिएटिनिन, बिलिरुबिन, कार्बन मोनॉक्साइड मोजणारा को-ऑक्सिमीटर, रंगावर चालणारं काहीच धड येत नाही. डायलिसिसचं मशीन तर रक्त गळतंय समजून बंद पडतं. भाजलेल्या माणसाची किडनी कशी चालली आहे हे नेमकं तेव्हाच कळायला हवं असतं! नायट्राइट-थायोसल्फेट ही उताऱ्याची जुनी जोडी १९३३ पासून माहीत आहे, ती का नको?

रात्रपाळी:
सुई लावतानाच तपासणीसाठी रक्ताच्या नळ्या भरून घ्या, मग औषध सोडा. एक मिनिटसुद्धा जात नाही. धुराच्या पेशंटला नायट्राइट मात्र मी देणार नाही. ते मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन, तयार करतं. कार्बन मोनॉक्साइडने अर्धं हिमोग्लोबिन आधीच अडवलेलं, उरलेलं आपणच निकामी करायचं? वर बीपी आणखी पडणार.

प्लेटिंगवाला:
धातूवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्यातलं सायनाइड वेगळं. तिथे विष कोणतं ते माहीत असतं, धूर नसतो. हायड्रॉक्सोकोबालामिन हाताशी नसेल तर तिथे नायट्राइट आणि मागून थायोसल्फेट १२.५ ग्रॅम, यात गैर काही नाही. नुसतं थायोसल्फेट सौम्य, पण हळू चालतं. हायड्रॉक्सोकोबालामिनबरोबर द्यायचं झालं तर वेगळ्या लाइनमधून. आणि तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका, वाचवायला गेलेलाही आडवा होतो.

लॅबवाली:
पेशंट बोलतोय, लॅक्टेट ठीक आहे, तरी देणार?

रात्रपाळी:
नाही. ऑक्सिजन, आणि डोळ्यांसमोर ठेवणार.

लॅबवाली:
मग बेशुद्धाला द्या. पण औषध दिल्याची वेळ नंतरच्या प्रत्येक नळीच्या लेबलवर लिहा. लाल सीरम दिसलं की नमुना हिमोलाइज्ड (रक्तपेशी फुटलेला) समजून परत पाठवला जातो, आणि तुम्ही तिकडे पोटॅशियमच्या रिपोर्टची वाट बघत बसता.