रॉकी माउंटन पार्क: आईबाबांना ट्रेल रिज रोडवर किती वर न्यावं? (मदत हवी आहे)

मंडळी, सप्टेंबरच्या शेवटी आईबाबांना घेऊन कोलोरॅडोला रॉकी माउंटन नॅशनल पार्क बघायला जातोय. ह्यूस्टनहून विमानाने डेन्व्हर, पुढे भाड्याची गाडी. बाबा सत्तरीचे, बीपीची गोळी चालू आहे, आईचे गुडघे दुखतात, म्हणजे ट्रेक वगैरे बादच, गाडीतून आणि सपाट वाटेवरून दिसेल तेवढं.

घोडं अडलंय उंचीवर. एस्टेस पार्क गावच साधारण 7,500 फुटांवर आणि पार्कमधला ट्रेल रिज रोड जातो 12,183 फुटांपर्यंत, कळसूबाईच्या दुपटीहून जास्त! डॉक्टरांना विचारून झालंय, ते म्हणाले जा पण हळूहळू चढा, पाणी पीत राहा, त्रास झाला तर लगेच खाली या. म्हणून पहिली रात्र डेन्व्हरला, मग एस्टेस पार्कला मुक्काम. टाइम्ड एन्ट्रीचं (ठरलेल्या वेळेत पार्कात शिरायचं) बुकिंग झालंय, तारखा बदलता येणार नाहीत, आणि बदलायच्याही नाहीत कारण एल्कचे (तिथल्या मोठ्या हरणांचे) नर माजावर येऊन ओरडतात ते याच दिवसांत, बाबांना मुख्य ते ऐकायचंय (डोंगर काय, सह्याद्रीत पाहिलेत म्हणे).

तर वयस्कर माणसांना घेऊन जे जाऊन आलेत त्यांनीच सांगा, त्याच रस्त्यावरच्या रेनबो कर्व्हपर्यंत म्हणजे 10,829 फुटांवर जाऊन परत फिरलो तर चालेल, की झाडं संपल्यावरचा तो उघडा टंड्रा बघितल्याशिवाय मजा नाही? आणि एल्कसाठी संध्याकाळी मोरेन पार्क बरं की हॉर्सशू पार्क (दोन्ही तिथलीच कुरणं), जिथे गाडी लावून फार न चालता लांबूनच नीट दिसतील?