शब्दचर्चा : औषधांचा ‘पुनर्वापर’ की ‘नवयोजन’?

प्रश्न : दुसऱ्या आजारांवर पूर्वीपासून दिली जाणारी औषधे कर्करोगाच्या पेशींवर परिणाम करतात का, हे प्रयोगशाळेत तपासले जाते. वडोदऱ्यातील आमच्या मंडळाच्या अंकात मी यासाठी ‘औषधांचा पुनर्वापर’ असे लिहिले, तेव्हा दांडिया बाजारातील एका ज्येष्ठ वाचकांनी ‘म्हणजे उरलेल्या गोळ्या परत घ्यायच्या का?’ असे विचारले. योग्य प्रतिशब्द कोणता?

उत्तर : त्यांची शंका रास्त आहे. ‘पुनर्वापर’ म्हटले की सांडपाणी आणि प्लास्टिकच डोळ्यांपुढे येते. येथे तर औषध तेच राहून त्याचे काम बदलते. ‘अतिरिक्त कार्यभार’ हा कचेरीतला शब्द मला क्षणभर मोहवून गेला (सयाजीरावांनी १९३१ साली ‘शासन शब्द कल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढवला, त्या वडोदऱ्याला असला मोह शोभतोही), आणि मधुमेहाचे काम सांभाळून कर्करोगासाठी तपासल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनला तो चपखल बसतो. परंतु १९५७ साली जर्मनीत झोपेचे औषध म्हणून विक्रीस आलेले, अर्भकांमधील व्यंगांमुळे १९६१ साली मागे घेतलेले आणि २००६ साली अमेरिकेत मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी मान्यता मिळालेले थॅलिडोमाइड त्यात बसत नाही, कारण त्याचा मूळ कार्यभार केव्हाच गेला होता. दोन्ही उदाहरणे सामावून घेणारा शब्द ‘नवयोजन’ हा आहे. ‘नास्ति मूलमनौषधम्’ (औषध नाही अशी मुळी नाही) हे पाठ असलेल्यांना ‘योजकस्तत्र दुर्लभः’ (दुर्मीळ असतो तो योजना करणारा) हा त्या श्लोकाचा शेवटही आठवेल.

शोधण्याच्या क्रियेला मात्र ‘चाळणी’ हा घरचा शब्द पुरेसा आहे. अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूटने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या कामात ४,५१८ औषधे कर्करोगाच्या ५७८ प्रकारच्या पेशींवर अशीच चाळली होती. माझी भाची अशाच एका प्रयोगशाळेत काम करते. तिच्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये पेशींवर औषध घालून ठेवतात आणि नंतर एक पिवळे रसायन टाकतात; जिवंत पेशी ते जांभळे करतात, त्यामुळे जो खळगा फिका राहिला तेथे औषधाने काम केले, असे मानतात. तरीही त्या फिक्या खळग्याला ‘उपचार’ म्हणू नये, कारण प्लेटमध्ये घातलेली मात्रा पुष्कळदा माणसाच्या रक्तात सुरक्षितपणे पोहोचणाऱ्या मात्रेहून कितीतरी जास्त असते. ‘संभाव्य उपयोग’ म्हणणे उचित.

आणखी एक मत : ‘नवयोजन’ मान्य; पण मथळ्यात तो एकटा ठेवल्यास एखादी सरकारी योजना वाटेल. मथळा ‘जुन्या औषधाला नवे काम’ असा द्यावा आणि पारिभाषिक शब्द पहिल्या परिच्छेदात आणावा.

प्रश्नकर्ता : पुढील अंकात तसेच करतो. ‘उरलेल्या गोळ्या’ विचारणाऱ्या काकांना मजकूर छापण्याआधी दाखवीन.