मदत हवी आहे: पिल्लू पेपर सोडून पायपुसण्यावरच शू करतंय

कुत्र्याचं देशी पिल्लू आहे, अडीच महिन्यांचं, घरी येऊन १२ दिवस झाले. पार्वोच्या (कुत्र्यांचा संसर्गजन्य आजार) लसीचा पहिला डोस झालाय, दुसरा पुढच्या आठवड्यात, तोवर खाली न्यायचं नाही असं डॉक्टर म्हणालेत आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे बाल्कनीत पेपर टाकलेत. उठल्यावर, खाल्ल्यावर लगेच तिथे नेतो, केलं की चिकनचा तुकडा देतो, पण हा पठ्ठ्या पेपर फाडतो आणि आत येऊन बरोब्बर पायपुसण्यावर! फिनेलने पुसून झालं, पायपुसणी उचलली तर आता सोफ्याचा कोपरा धरलाय. ओरडत, मारत नाही. दुपारी दोन तास फक्त आई असते, तिला वाकता येत नाही. वास पूर्ण जायला काय वापरता? आणि पेपरची सवय लावली तर नंतर बाहेर करायला त्रास देतात का?