अनुभव धागा : खाडा पडला, मग?

कराटे, कुस्ती, लाठी, ज्युदो, जे काही शिकलात त्याबद्दल इथे लिहा. मेडलांचे फोटो नकोत, ते व्हॉट्सअ‍ॅपवर रोज दिसतात. मला ऐकायचंय ते खाड्याबद्दल. कधी सुटलं, काहून सुटलं आणि परत पाय कसा वळला. वळला नसेल तर तेही लिहा.

सुरुवात मीच करतो. चांदूरबाजार तालुका, सात एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. चौतिसाव्या वर्षी पोरीला कराटेच्या वर्गाला सोडायला जायचो. वर्ग झेडपी शाळेच्या मैदानावर. सर म्हणाले, "गाडीवर बसून मोबाईल पाहण्यापेक्षा मागच्या रांगेत उभे राहा न भाऊ." राहिलो उभा. पोरगी आता हिरव्या पट्ट्यावर आहे आणि मी तीन वर्षांपासून पिवळ्यावरच. दिवाळीला कापूस वेचणी सुरू झाली की मी जो गायब होतो तो थेट फेब्रुवारीपर्यंत.

मागच्या हंगामात ठरवलं की वर्गाला जाणं जमलं नाही तरी अंगणात एक काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली, रोज करायचा. हेयान शोदान, शोतोकान या कराटेच्या शैलीतला अगदी सुरुवातीचा. एकवीस हालचाली आणि जिथून सुरू केला तिथेच येऊन संपायला हवा. मी चुन्याने फुली मारून ठेवली. रोज संपायचो ते फुलीच्या हातभर अलीकडे. मला वाटलं गुडघा दुखतो म्हणून पाऊल कमी पडत असेल. पंधरा दिवस तेलाने चोळला. मग एक दिवस पावलं मोजली. मधल्या रेघेवर जाताना तीन पावलं, येताना तीन. येताना माझं तोंड रस्त्याकडे होतं आणि तिसऱ्या पावलाला जोरात ओरडायचं असतं. रस्त्याने बाया वेचणीला चाललेल्या. एक काका रोज विचारायचे, "काय जी, सकाळी सकाळी कोनाले हाणून राह्यले?" त्या लाजेने मी ती तीन पावलं आखूड टाकत होतो. गुडघ्याचा काही संबंधच नव्हता. तेल वाया गेलं.

आता ओरडतो. काका अजूनही विचारतात.

दर्यापूरकडून, वय ७०

तुमचा धागा नातवानं वाचून दाखवला, मी सांगून राह्यलो अन् तो टाईप करून राह्यला.

आमच्या आखाड्यात नवा पोऱ्या आला की पयला महिना कुस्ती नाही. फावडं. माती खणायची, खडे वेचायचे. आमची काळी माती आखाड्याच्या कामाची नाही, वाळली की दगड अन् ओली झाली की चिकट. बंडीनं दुसरीकून माती आणायची, चाळायची, मंग तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, खाली टाकला तर फुटावा. वस्ताद हाच गोळा करून पाहत. फुटला नाही तर पुन्हा खणा.

माहा खाडा बहात्तरच्या दुष्काळाचा. दिवसभर खडी फोडायची, रात्री मिलोची, म्हंजे बाहेरदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकर. सकाळी जोर मारायले अंगात काय राहीन? दोन वर्षं सुटलं. परत गेलो तवा वाटलं, वस्ताद काही तरी बोलतीन. रागावतीन नाहीतर पाठीवर हात ठेवतीन. काहीच नाही. फावडं हातात देलं. पुन्हा महिनाभर खणली. तवा लय राग आला होता, मी नागपंचमीची दंगल मारलेला गडी!

आता पोट्टे मॅटवर खेळतात. काही म्हातारे त्याच्यावर नाकं मुरडतात, मी नाही मुरडत. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझ घेतलं ते मॅटवरच. मातीतला माणूस होता, मॅट शिकला.

लाखनी तालुका (भंडारा), वय ३१

मी कॉलेजात तीन वर्षं ज्युदो केलं. ज्युदोत पहिले काही आठवडे कोणाला पाडायला शिकवत नाहीत, स्वतः पडायला शिकवतात. मागे पडताना हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं जमिनीवर आपटत नाही. हात अंगापासून थोडा दूर आणि तळव्यापासून कोपरापर्यंतचा सगळा भाग एकदम फटकन जमिनीवर. जोर सगळीकडे वाटला जातो आणि मनगट वाचतं. शंभर वेळा पडा, दोनशे वेळा पडा. मला तेव्हा कंटाळा यायचा. मैत्रिणी विचारायच्या, कॉलेजात जाऊन पडतेस काय रोज?

मग लग्न झालं. सहा वर्षांचा खाडा. कोणी बंदी घातली असं नाही, पण विषयच निघाला नाही. सफेद गी (ज्युदोचा पोशाख) पेटीच्या तळाशी, त्यावर गोधड्या.

दोन वर्षांआधी रोवणीच्या दिवसांत डोक्यावर पऱ्ह्यांचं, म्हणजे धानाच्या रोपांचं ओझं घेऊन धुऱ्यावरून चालले होते. पाऊस पडून गेलेला, धुरा शेवाळलेला. पाय सटकला आणि मी उताणी बांधीत, धानाच्या खाचरात. पण पडता पडता हनुवटी आपोआप छातीला लागली आणि दोन्ही हात चिखलात फट्ट वाजले. असे वाजले की रोवणाऱ्या बाया कमरेतून उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "अवो, पडली का टाळी वाजवली?" मी तिथेच चिखलात बसून हसत होते आणि थोडी रडतही होते. सहा वर्षं ज्याची आठवण काढली नव्हती, ते अंगाने ठेवून घेतलं होतं. त्याच महिन्यात शेजारच्या बांधीत एक काकू तशाच पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. रोवणीचे पैसे गेले ते वेगळेच.

धान निघाल्यावर खळ्यात तनस (धानाचा पेंढा) पसरली, त्यावर ताडपत्री ताणून बांधली आणि पुतणीला पडायला शिकवलं. मग तिच्या दोन मैत्रिणी आल्या. आता नऊ जणी आहेत. सासूबाई काय म्हणतील याची धास्ती होती. त्या तीन दिवस ओसरीवरून बघत होत्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "तनस ओली करू नका, बैलाले लागते." एवढंच. खाडा अजूनही पडतो, जुलै-ऑगस्ट पूर्ण. रोवणीत कोण येणार? पण आता त्याला सुट्टी म्हणतो आणि कधी सुरू करायचं तो दिवस आधीच ठरवून ठेवतो.

आर्णी (यवतमाळ), एक आई

पोरगी सातवीत, तालुक्याला शाळा, मुलींच्या निळ्या एसटीने जाणं-येणं. कराटेचा वर्ग पाच वाजता आणि बस सव्वापाचला. वर्गात जाऊन नमस्कार करायचा आणि पळत स्टँडवर. महिनाभर असं केलं, मग बंद. यांचं म्हणणं, जाऊ दे. मी भावाची जुनी मोपेड आणली आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर शिकले. पहिल्या आठवड्यात आम्हा दोघींचेही गुडघे फुटलेले होते, हळदीची वाटी एकच.

तिवसा तालुका, मोझरीच्या जवळून

मी लाठी शिकलो अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या उन्हाळी शिबिरात. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेली संस्था, १९३६ला तिचे लोक बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले होते. गावात आता मी शिकवतो. गणपती आले की चाळीस पोट्टे, कारण मिरवणुकीत बनाटी, म्हणजे दोन्ही टोकांना गोळे असलेली काठी, फिरवायची असते. विसर्जन झालं की चार. पहिले मी चिडायचो, पोरांना टोमणे मारायचो. टोमणे बंद केले तर आता सात येतात. लाठी फिरवताना पकड सैल ठेवावी लागते, घट्ट धरली की मनगट अडतं, हे पोरांना रोज सांगतो मी. स्वतःला उशिरा सांगितलं.

अंजनगाव सुर्जी, वय २२

मी परतलो नाही. वळला नसेल तर लिहा म्हणालात म्हणून लिहितो.

सहावीपासून तायक्वांदो. दर तीन महिन्यांनी पट्टा परीक्षा आणि दर परीक्षेची फी. दीड वर्षात काळा पट्टा मिळाला. तेव्हा वाटलं मी भारी आहे. एका स्पर्धेत दुसरा आलो, बाबांनी तूर विकून प्रवासखर्च दिला होता. पुढे पोलीस भरतीत पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी ते सर्टिफिकेट काढलं तर कळलं की ती स्पर्धा मान्य संघटनेची नव्हतीच. कागद फाडला नाही, घरी आहे. बाबांना अजून सांगितलं नाही.

आता भरतीसाठी रोज सोळाशे मीटर धावतो. एवढं मान्य करतो की पाच वाजता उठायची सवय त्या वर्गातली आहे. बाकी किक मारायला पाय उचलावासा वाटत नाही.

दर्यापूर, ७० (पुन्हा)

अंजनगावच्या पोऱ्या, नातवानं तुझं दोनदा वाचलं. बापाले सांगून टाक, त्यानं तुरीचे भाव पाह्यले हायेत, ह्याच्यानं काही मोडणार नाही. आमच्या आखाड्यात सध्या पाच-सहाच पोट्टे हायेत. माती उन्हाळ्यात कडक झाली, मृगाच्या आधी खणाची हाय. येतं काय?

अंजनगाव, २२

काका, फावडं चालवता येतं. धावायचे शूज आहेत, ते चालतील का?

दर्यापूर, ७०

अनवाणी ये. अन् नखं कापून.